देवमाशाचं डोकं चढण्याआधी

“उभा राहिला की बघू पाळणा, नुसत्या लोखंडात काय बघायचंय?” असं माझी आई फार वर्षांपूर्वी मला जत्रेच्या मैदानातून ओढत नेताना म्हणाली होती. मला नुसतं लोखंडच बघायचं होतं. मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा पडदे शिवण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मला काळजी नाही, घाई आहे. घरासमोरच्या मनोरंजन उद्यानात ‘समुद्रतळ’ नावाचा नवा विभाग होत आला आहे. होड्या देवमाशाच्या तोंडातून आत जाणार आहेत. त्याचं डोकं जमिनीवर तयार आहे. ते क्रेनने कधीही वर चढेल.

१. राहतं घर धाकट्या भावाला. “ताई, गॅलरीला काचा लावल्या तर अख्खी खोली वाढेल गं!” हे मी दर भेटीत ऐकलं आहे. वाढव बाबा. पण ‘समुद्रतळ’ लोकांसाठी उघडेपर्यंत गॅलरी आहे तशी राहील आणि माझ्यासोबत इथून बांधकाम बघणाऱ्या मंडळींना रोज दुपारी तिथे बसू दिलं जाईल. त्यांच्या घरांतून कुंपणापलीकडचं काही दिसत नाही. अट मोडलीस तर घर तुझ्या लेकीला जाईल. ती आमच्यातलीच आहे, हे तुला ठाऊक नसेल.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या त्याच लेकीला. मोठी कात्री कागदाला लावायची नाही. मी वरून बघेन किंवा, देव करो, शेजारच्या खुर्चीतून.

३. दुर्बीण औषधाच्या दुकानातल्या काकांना. त्याआधी त्यांनी सर्वांसमोर कबूल करावं की त्या वाकड्या कमानी देवमाशाच्या बरगड्या नव्हत्या. “बरगड्याच आहेत, लिहून घ्या!” असं म्हणून त्यांनी आम्हाला महिनाभर नाचवलं. मग कमानींखाली फरश्या आल्या, बेसिनं आली आणि दारावर ‘पुरुष’ अशी पाटी लागली. त्यावर काका म्हणाले, “देवमाशालाही लागतेच की!” हे कबुलीत धरू नये.

४. उंच स्टूल शेजारच्या वहिनींना. उद्यानातल्या निळ्या नळातून पाणी येणार हे त्यांनीच ओळखलं होतं. पण पाणी पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी आत गिऱ्हाइकाशी बोलत होते आणि वहिनींनी एकटीनं बघून घेतलं. “तुम्ही कामात होतात हो,” म्हणे! अहो, हाक मारायला तोंड दुखत होतं का? माफ केलं. जवळजवळ.

५. बँकेतले पैसे आधी दवाखान्याला. उरतील त्यांतून मंडळींसाठी पहिल्या दिवसाची तिकिटं काढावीत. होडीत कोणी रडायचं नाही. ओरडायचं.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून उद्यानातले क्रेनवाले दादा साक्षीला बोलावले. रोज आम्हाला हात करतात, चहालाही येतात, पण आजवर एक बातमी दिलेली नाही. “वरून ताकीद आहे, ताई,” एवढंच. तर यांना काही नाही, हे कायद्यानेही ठीकच झालं.

ठिकाण : माझी गॅलरी
दिनांक : ११ जानेवारी, शनिवार, दुपार

सही : पडदेवाली

साक्षीदार :
१. वकीलबाई (सही)
२. क्रेनवाले दादा (सही)

ता. क. दादा, सही करताना मी तुम्हाला विचारलं, “पुढच्या आठवड्यात गडबड आहे का?” तुम्ही “हो, गुरुवारी डोकं—” म्हणालात आणि जीभ चावलीत. इतक्या दिवसांत पहिली बातमी दिलीत, आणि ती अशी! गुरुवारी मी नाकातोंडात नळ्या घालून छताकडे बघत पडलेली असेन. काका आणि वहिनी इथे एकमेकांच्या हातातून दुर्बीण ओढतील, आणि नंतर मला दहा वेळा सांगतील. सांगितलेलं मला नको आहे. ते जमिनीवरून सुटतं आणि क्षणभर नुसतं हवेत लोंबतं, तेवढं मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. तुमच्या हातात काही नसतं, वरून ताकीद असते, हे सगळं कळतं. तुम्ही नाही म्हणाल, हेही कळतं. तरी विचारते : मी घरी येईपर्यंत ते डोकं खालीच ठेवाल का?