सहदेविया नावाचं चिलट

बोरिवली (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

चि. सुयोगास,

अनेक आशीर्वाद, तू फोन उचलत नसलास तरी.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तू बाहेर पडलास त्याला महिना होत आला. हर्षदने तुझ्या वाढदिवसाला डास मारायच्या बॅटचा फोटो टाकला आणि प्राणिशास्त्राचे एवढे मोठे प्राध्यापक रुसले. अरे, मामेभाऊ आहे तो आपला. त्याचे विनोद असेच असतात हे तो चड्डीत होता तेव्हापासून ठाऊक आहे आपल्याला. पण त्याच्या गुन्ह्याची शिक्षा मला कशाला? म्हणून हे पत्र. तुझ्या मुलुंडच्या आणि आमच्या मधे फक्त नॅशनल पार्क आहे. बिबट्या रमतगमत दोन रात्रींत पोचेल. टपाल किती घेतं ते बघू.

आई ठीक आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि भाजीवाल्याशी भांडायला तीन जिने उतरते.

पत्र लिहायचं खरं कारण पुढेच आहे. संक्रांतीच्या आधी मी देवघर घासायला काढलं. त्यात बाबांचा तो पिवळा दगड आहे, आठवतो ना? गुजरातेत कोळशाच्या खाणीवर सर्व्हेअर असताना बाकीच्यांचे नवरे दिवाळीला साड्या आणत. आपल्या बाबांनी आईला दगड आणला. आई त्याचे कपचे काढून गणपतीत धूप म्हणून जाळायची, चांगला वास यायचा. आता मुठीत मावेल एवढा उरलाय. धुऊन खिडकीत ठेवला तर उन्हात आरपार दिसला, आणि आत एक चिलट. पायबिय सगळं जागच्या जागी. तू आयुष्यभर असलेच मेलेले किडे बघत आलास, म्हणून म्हटलं कळवावं.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही ते तुझ्या फोन उचलण्यावर.

तुझी,
अनुताई

०

मुलुंड (पूर्व),
२१ जानेवारी २०२५

ती. सौ. अनुताईस,

सुयोगचा सा. न. वि. वि.

बिबट्या जिंकला. तुझं पत्र काल आलं. वाचून मी उभाच राहिलो. श्रुतिकाला, म्हणजे तुझ्या लाडक्या भावजयीला, वाटलं कोणी गेलं. मी तिला म्हटलं, गेलं, पण पाच कोटी वर्षांपूर्वी.

हर्षदसाठी रुसायला मला तेवढा रिकामा वेळ नाही गं. कारण वेगळं आहे. पीएच.डी.च्या वेळी मी त्याच खाणीच्या ढिगाऱ्यात अंबर शोधत हिंडायचो. अंबर म्हणजे दगड झालेला झाडाचा डिंक, तुमचा धूप. त्यात मला एक चिलट सापडलं. मादी, आणि एक पंख मोडलेला. जगात कुठेच तसं नव्हतं, म्हणून मी नवी प्रजातीच जाहीर केली. प्रजाती म्हणजे किड्यांचं आडनाव समज. तिला मी बाबांचं नाव दिलं, सहदेविया. आता पोलंडच्या एक बाई लिहितात की मोडक्या पंखाने माझी दिशाभूल झाली. हे चिलट जुन्याच, माहितीतल्या आडनावाचं आहे. उन्हाळ्यात त्या तसं छापणार. कॉलेजात लोक आत्तापासूनच माझ्याशी हळू आवाजात बोलतात. अशा वेळी बॅटचा फोटो बघून माणूस काय करणार?

निकाल फक्त नर लावू शकतो. चिलटांची पक्की ओळख नराच्या शेपटाकडच्या भागावरून पटते. (हे हर्षदला सांगू नकोस.) देवघरातला काजळलेला दगड अंबर असेल हे कधी डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं मी त्या खाणीतून नर शोधतोय, आणि तू कळवतेस की आईने त्यांना आरतीच्या वेळी जाळलं. म्हणजे माझं संशोधन आपण सगळ्यांनी दर भाद्रपदात नाकाने ओढून घेतलं. झकास.

आता नीट बघ. त्याच्या डोक्यावर पिसांसारख्या मिशा आहेत का? असतील तर नर. तसं असेल तर दगड मला हवाय. कापून घासल्याशिवाय काही दिसणार नाही. आईला तू विचार. माझी हिंमत नाही.

तुझा,
सुयोग

०

बोरिवली,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सुयोगास,

आशीर्वाद, आणि अभिनंदन. मिशा आहेत. तुझ्या भावोजींच्या भिंगातून पाहिल्या. तुझ्या मिशांपेक्षा बऱ्या आहेत.

आईला विचारलं. दगड मुठीत धरून बसली. म्हणाली, नवरो गेलो, आता तेचो दगडय कापतलास? दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलायची ती फक्त टीव्हीशी. शेवटी मी सांगितलं की तुझ्या मुलाने त्या किड्याला बाबांचं नाव दिलंय आणि ते आता रद्द व्हायला टेकलंय. तिला हे माहीतच नव्हतं! तू जगभरच्या लोकांना कळवलंस आणि बोरिवलीला कळवायचं विसरलास. धन्य.

मालिका तिने शेवटपर्यंत पाहिली. मग उठून दगड माझ्या हातात दिला. अट एकच, अर्धा देवघरात परत आला पाहिजे. तुझी भाची रुचिरा शनिवारी ऑफिसहून परस्पर तुझ्याकडे येईल. दगड तिच्या डब्यात आहे, रुमालात बांधून. उगाच उपमा समजून खाऊ नकोस.

काळजी घे. घाबरू नकोस, हे मात्र मनापासून.

अनुताई

०

मुलुंड,
९ मार्च २०२५

ती. अनुताईस,

सा. न. वि. वि.

दगड कापला. करवत लावताना बघवेना म्हणून श्रुतिकाने खोलीबाहेर जाऊन दार लावून घेतलं. मग रोज थोडं थोडं घासत, चकचकीत करत आत गेलो. नर आहे, माझ्या मादीच्याच जातीचा, आणि देखणा आहे. दोन्ही पंख पसरलेले आहेत, जणू माझ्यासाठी मुद्दाम थांबला होता.

पोलंडच्या बाई बरोबर आहेत.

शंकेला जागाच नाही. पंखाच्या शिरा, शेपटाकडचा भाग, सगळं जुन्या आडनावाचं. सहदेविया एकदा पाच कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाली आणि दुसऱ्यांदा गेल्या मंगळवारी माझ्या टेबलावर. पुरावा बाबांनीच आणून ठेवला होता, आणि आईने तो कापायला दिला तो बाबांचं नाव वाचावं म्हणून. आता तिला काय सांगू?

हर्षदला बॅटचा फोटो परत टाकायला सांग. आता शोभेल.

सुयोग

०

बोरिवली,
१८ मार्च २०२५

चि. सुयोगास,

आशीर्वाद. पत्र वाचून फाडलं, आईच्या हाती लागू नये म्हणून.

तुला इथली परिस्थिती कळायला हवी. दगड दिला म्हणजे नाव वाचलंच असं धरून आईने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटलेत. चिलटाचे पेढे! दुसऱ्या मजल्यावरच्या शेवंतीकाकू कॅनडातल्या मुलाबद्दल बोलायला लागल्या की आई विचारते, त्याच्या नावाचा किडा आहे का? काकूंचा आवाज बसलाय. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून माझं सरळ मत ऐक. त्या बाईंकडे नर नाही. तुझ्याकडे आहे, आणि तो बोलत नाही. तूही बोलू नकोस. बाई छापतील त्यांचं, तू म्हण तुझं. वाद चालू राहील आणि आई आहे तोवर बाबांचं नाव राहील. शाळेत मी जन्मभर मुलांना शिकवलं की खरं बोलावं. आता मी रिटायर्ड आहे.

उत्तर फोनवर नको, आई कान देऊन असते.

अनुताई

०

मुलुंड,
६ एप्रिल २०२५

ती. अनुताईस,

सा. न. वि. वि., आणि दंडवतही घालतो हवा तर, कारण तुझं ऐकलं नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मोह झाला, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी नराचे फोटो पोलंडला पाठवून दिले, म्हणजे मोहाला कामच उरलं नाही. तुझं काय गं, तुला एकदाच गप्प बसायचंय. मला रोज त्या सूक्ष्मदर्शकाखाली बसायचंय. बाईंचं उत्तर आलं. त्यांनी एका शब्दानेही टोमणा मारला नाही. आपल्या घराण्यात वाढलेल्या माणसाला हे झेपणं कठीण. लेख दोघांच्या नावाने लिहू म्हणाल्या. मी हो म्हटलं.

गेल्या रविवारी आईला न्यायला आलो तेव्हा तू स्वयंपाकघरात नारळ खवत होतीस. इतका वेळ, जणू घरात लग्न आहे. तुला माझ्यासमोर यायचं नव्हतं, मला कळत नाही असं नाही. असो.

घोडबंदर रोडला गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये सगळं सांगून टाकलं. गाडी उभी होती, तिला उतरून जाता येणार नव्हतं. दगडाने काय दाखवलं ते सांगितलं, बाबांचं नाव जाणार हेही सांगितलं. तिने विचारलं, पुसून टाकतात का नाव? मी म्हटलं, पुसत नाहीत. रद्द झालेलं नावही पुस्तकात खऱ्या नावाखाली छापतात, चूक म्हणून, कायमचं. त्यावर म्हणते, म्हणजे तुझ्या बापाशीचा नाव चूक म्हणान कायमचा ऱ्हवतला? मी म्हटलं, हो. तर हसायला लागली गं! आजीचा हवाला देत म्हणाली, माझ्या आवशीन तां लग्नातच सांगितल्यान.

मी रडत होतो आणि मागचा रिक्षावाला हॉर्न मारत होता.

घरी आल्यावर तिला नर बघायचा होता. स्टूलावर दोन उशा ठेवून बसवलं, भिंग तिच्या डोळ्याला जुळवून दिलं. पाहिलं आणि म्हणाली, ह्यो एवढोच? एवढ्यासाठी पेढे वाटले म्हणून स्वतःवरच चिडली. शेवंतीकाकूंना काय सांगायचं ते ती स्वतः बघणार आहे. तू मधे पडू नकोस, असा निरोप आहे.

मग देवघरात परत न्यायचा अर्धा भाग मागितला. त्यात काही नाही, मी सांगितलं. तरी भिंगाखाली ठेव म्हणाली. ठेवला. आत फक्त हवेचा एक बुडबुडा होता. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत बसली की श्रुतिकाने दुसऱ्यांदा चहा गरम केला. आत काय आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, तेव्हाची हवा. डिंक ओला होता तेव्हाची, तशीच राहिलेली.

भिंगावरून डोळा न काढता ती म्हणाली, मगे तो तरी फोडू नको.

आई गुडघ्याच्या गोळ्या तिकडेच विसरली आहे. रुचिराबरोबर पाठव. लोभ जसा आहे तसाच राहू दे, वाढला तर आपल्या दोघांनाही सवय नाही.

तुझा,
सुयोग