आत किती, बाहेर किती

३ तारीख
आले एकदाची! घर नुसतं काचेचं, बाहेरून आरसा, आतून सगळा रस्ता दिसतो. खिडक्या उघडतच नाहीत, तेवढी धूळ कमी. फडताळात महिन्याचं सामान आहे. मालकीणबाई परदेशी गेल्या, घर मी सांभाळायचं. ठकी म्हणजे माझी लेक. ती म्हणाली, आई, तुझं कुणाशी पटत नाही, तुला रिकामंच घर बरं. खोटं नाही. ही वहीपण तिचीच. रोज चार ओळी लिही म्हणाली, अक्षरं विसरशील. तिचे दिवस भरलेत, पहिली खेप आहे आणि सासू नाही. तेराला जावई न्यायला येणार. बाईंना तोंडावर सांगून टाकलंय, त्या दिवशी मी थांबणार नाही.

दाराला किल्ली नाही. बाईंनी माझा आवाज भरून घेतलाय. आतून-बाहेरून ‘दार उघड’ म्हटलं की उघडतं. नवऱ्याने जन्मात ऐकलं नाही, दार ऐकतं!

४ तारीख
इंटरनेटवाला येऊन गेला. इथलं नेट कधी पळतं, कधी रांगतं, म्हणून बाईंना रोजचे आकडे हवेत. तीन वेळा प्रत्येक खोलीत उभं राहून मोबाइलवर बटण दाबायचं, काटा थांबला की दोन आकडे लिहायचे. पहिला घरात येणाऱ्याचा, दुसरा घरातून जाणाऱ्याचा. आत ऐंशी, बाहेर पाच. बाहेर काय जातं विचारलं तर म्हणाला, मावशी, तुम्ही बोलता ते सगळं जातं, आणि पळाला.

मग काटा फिरताना बोलायला नको? मुकं उभं राहून काय मोजणार, माझं कपाळ?

६ तारीख
बोलले. स्वयंपाकघरात ठकीने शर्टाचं बटण गिळलं होतं ते सांगितलं. झोपायच्या खोलीत तिला झोपवताना म्हणायचे ते गाणं. न्हाणीघरात नवऱ्याला दिलेल्या शिव्या. बाहेरचा आकडा पाचाचा चाळीस झाला! मला अडाणी म्हणतात मेले.

९ तारीख
आत सात, बाहेर तीनशे. घसा बसलाय.

ठकीला फोन केला. ती हसली, काल तासभर बोललीस की, बटणाचं सांगितलंस, गाणं म्हटलंस, म्हातारी झालीस आई.

काल मी फोन केलाच नव्हता.

१० तारीख
आज चाचणी केली नाही. आपोआप सुरू झाली. चारही खोल्यांत कुणीतरी हळूच बोलत होतं. माझंच बोलणं.

११ तारीख
आवाज गेला. घशातून नुसती हवा येते. दारापाशी तोंड वेडंवाकडं करून थकले, उघडत नाही.

ठकीला फोन लावला. नुसता श्वास ऐकून ती म्हणाली, कोण आहे हो? ठेवा, दुसऱ्या फोनवर माझी आई आहे.

१२ तारीख
स्टुलाने काच फोडायला गेले. स्टुलाचा पाय मोडला. मेसेज लिहिला, ‘मला बाहेर काढ’. गेला तो ‘मी मजेत आहे, उद्या निघते’ असा.

वहीतलं बदलत नाही. कागद आहे म्हणून —

१३ तारीख
जावई आले. काचेपलीकडे, हातभर अंतरावर. काचेत बघून केस सारखे केले. मी दोन्ही हातांनी बडवत होते. दाराबाहेरच्या बेलच्या डबीतून माझा आवाज म्हणाला, जावईबापू, गाडीचं दार उघडा, आलेच.

त्यांनी उघडून धरलं. कुणी नव्हतं. गाडी एका बाजूला दबली.

हसत दार लावलं त्यांनी. गेले —

१५ तारीख
मुलगी झाली. मोबाइल आपणच बोलू लागला. बाळ रडत होतं, मग माझं गाणं. बाळ गप्प. ठकी म्हणाली, आई, तू आहेस म्हणून —

ते गाणं मला आता आठवत नाही. एक ओळही.

काटा फिरतोय. आत शून्य.

ठकीचं पाळण्यातलं नाव मी काय ठेवलं — होतं काहीतरी — मीच ठेवलं —

माझं

बाहेर नऊशे नव्वद, नऊशे एक्क्याण्णव, नऊ