कॉम्प्युटर बंद करू नका

३ नोव्हेंबर, सोमवार

अपडेट परत तीस टक्क्यांवर! शेळ्यांना चारा टाकून आले तर काळा पडदा. लाइट गेली असेल. चालू केला तर इंग्रजीत तेच — झालेले बदल मागे घेत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका. कोण बंद करतंय!

कंपनीची अट साधी आहे. ऑगस्टमध्ये हे गेले, कुरकुंभच्या कंपनीतून मोटरसायकलवर घरी येताना. ह्यांच्या जागी मला पॅकिंगला घ्यायला तयार आहेत. त्याआधी सेफ्टीचं ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण करायचं, वीस तारखेपर्यंत. मोबाइलवर चालत नाही. ह्यांचा जुना कॉम्प्युटर लावला तर ट्रेनिंगचं पान म्हणतं, आधी अपडेट करा. अपडेट म्हणतं, जमत नाही.

वीस तारीख चुकली तर पाबळला, दादाकडे. तो दोनदा गाडी घेऊन येऊन गेला. 'तुझी खोली हाय तशी हाय' म्हणाला. त्या खोलीत कांद्याच्या गोण्या आहेत, मला माहीत आहे. मला इथून जायचं नाही. का, ते विचारलं तर सांगता यायचं नाही.

४ नोव्हेंबर

सोळा टक्के.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मल्हारी भावजी आले होते. ह्यांच्याच शिफ्टचे. ऑगस्टपासून माझ्याकडे बघून बोलत नाहीत, आज कॉम्प्युटरकडे बघून बोलले. 'वैनी, जागा कमी पडत आसंल. नको ते काढून टाका.' दोघांनी मिळून काढलं — गेम, जुनी गाणी, कुणाच्या तरी लग्नाचे तेच फोटो तीन-तीनदा. भावजी चहा पिईपर्यंत एकतीसवर गेलं. 'एक टक्का वाढला की!' म्हणून हसले. मग हसल्याचं लक्षात आलं आणि चपला शोधायला लागले. त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आले तर पडदा काळा.

मीही हसायला हवं होतं बहुतेक.

८ नोव्हेंबर, शनिवार

कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन रिक्षानं दौंडला. दुकानदारानं उघडलासुद्धा नाही. 'ताई, ह्याचं वय झालंय. नवा घ्या.' मी बरं म्हटलं. हल्ली सगळ्याला बरं म्हणते. येताना डबा खूप जड लागला.

९ नोव्हेंबर

काही नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सापडला चोर! घरातलाच!

धुरपदा मावशी आणि गिताबाई भेटायला आल्या होत्या. मी चुलीपाशी, आत बाविसाव्या टक्क्यावर अपडेट चालू. पाण्याचा तांब्या घेऊन वळले तर आत्या — माझ्या सासूबाई — भिंतीला हात लावून उभ्या. खट्, बटण बंद. खट्, बटण चालू. आणि जाऊन पाहुण्यांजवळ बसल्या, जसं काही झालंच नाही!

बायका गेल्यावर विचारलं. जराही लाजल्या नाहीत.

'दुखवट्याचं घर हाय. टीवी झाकून ठिवला, मंग ह्यालाच का सोडायचं? ल्योक जाऊन तीन म्हैनं न्हाई झालं आन् सून पडद्याम्होरं बसलीया — बायका शेण घालतील तोंडात.'

टीव्हीवर आम्ही चादर टाकली आहे, वर्ष होईपर्यंत. आत्यांच्या लेखी जे भिंतीला जोडलेलं आणि उजेड पाडतं ते सगळं टीव्ही. म्हणजे रोज! मी उठले की रोज! ओरडायला हवं होतं. चहाची भांडी घासली.

१२ नोव्हेंबर

सकाळी आत्यांना समजावलं. हा टीव्ही नाही, कंपनीचं काम आहे, ते झालं तर नोकरी.

बराच वेळ मिस्री लावत बसल्या. मग म्हणाल्या, 'नोकरी लागली म्हंजी तू हितंच ऱ्हाशील?'

'हो.'

आत्या उठल्या. पोतं आणलं, बटणाखाली अंथरलं आणि तिथंच बसल्या. दुपारी गिताबाई डोकावल्या तर आत्याच आधी — 'कंपनीचं काम चाललंय. बटनाला हात लावू नगंस!'

मला भरून यायला हवं होतं. आलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आता कुणी बंद करत नाही, तरी होत नाही. आता अपडेट सुरूच होत नाही. म्हणतं, सुरक्षित जोडणी होत नाही. आत्या माझ्याकडे बघतात, 'म्या न्हाई गं!'

मग काल रात्री कोपऱ्यातली तारीख दिसली. १ जानेवारी २००९. मी नीट केली. रात्रभरासाठी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, सकाळी पुन्हा १ जानेवारी २००९. तेव्हा मी बारावीला होते. ह्यांना ओळखतही नव्हते. तिथंच ठेवावी असं एकदा मनात आलं.

भावजींना फोन केला. 'आतला सेल गेला आसंल, वैनी. वीज गेली की त्यो सेलच तारीख धरून ठिवतो. तारीख चुकली की नेट इश्वास ठेवत न्हाई.' म्हणजे आत्यांनी बटण बंद केलं की प्रत्येक वेळी तो सेल थोडा थोडा संपत होता, आता पुरता संपला. मी मात्र टक्केच बघत बसले होते.

१५ नोव्हेंबर

दौंडला घड्याळवाल्याकडे तसाच सेल मिळाला, रुपयाएवढा. केसातल्या पिनेनं जुना काढला, नवा बसवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शंभर!

आत्या म्हणाल्या, 'शंभर म्हंजी झालं?' झालं म्हटलं. त्यांनी पोतं झटकलं आणि घडी घातली. उद्यापासून ट्रेनिंग. वीस धडे, तीन दिवस. आनंद वगैरे नाही. झालं एवढंच.

१८ नोव्हेंबर

सात धडे झाले. आग लागली तर. डोळ्यात केमिकल उडालं तर. मध्येच उड्या मारून पुढं जाता येत नाही. प्रत्येक धड्याला शेवटी एक प्रश्न. उत्तर चुकलं तर व्हिडिओ परत पहिल्यापासून. माझं एकही चुकलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

धडा आठवा, हातमोजे काढायची पद्धत. काढून दाखवणारे आमचे हेच आहेत, कंपनीच्या कपड्यांत. खाली नावही आलं, रविराज. मनगटापाशी चिमटीत धरतात, सावकाश उलटा करतात, मग वर बघून विचारतात, 'कळलं का?'

उत्तर सोपं होतं. सहा वेळा मुद्दाम चुकले. रडले, ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मग आत्यांना हाक मारली, शेजारी बसवलं आणि सातव्यांदा चुकले.