कुटुंबात कुणाला काही आहे का?

प्रिय भिंगऱ्या,

दुपारच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यावर बसून लिहितेय. पुढचं शटर अर्धं खाली ओढलंय, तरी दर पाच मिनिटांनी कुणीतरी वाकून आत बघतंच. फोनवर बोलायला गेले असते तर तू दोन वाक्यांत काहीतरी विनोद करून मला गप्प केलं असतंस आणि मीही खुशाल गप्प झाले असते. म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस. वीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून माझंही तसंच झालंय.

आधी खारूची खबर, कारण फोन उचलल्या उचलल्या तू तेच विचारतोस. चार वर्षं आणि आठ महिने पूर्ण झाले बाईंना. हनुवटीला दोनदा टाके पडले. एकदा फ्रीजवर चढून बसली आणि उतरता येईना म्हणून वरून गाणी म्हणत राहिली. एकदा न्हाणीघरात स्वतःला कोंडून घेऊन दोन्ही नळ सोडले, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या छतातून पाणी गळायला लागलं. ते बिचारे छत्री उघडी धरून वर आले. हे सगळं सांगताना हसू येतं, पण ते घडत असताना येत नाही. दुसऱ्या बालवाडीच्या बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन अगदी गोड आवाजात सांगितलं, “मुलगी हुशार आहे हो तुमची, पण तिच्या एकटीमागे आमची एक बाई अडकते.” वाढदिवसांची बोलावणी कधी बंद झाली ते मला कळलंच नाही. तिला कळलं. “मला कुणी का नाही बोलवत?” म्हणून तिने विचारलं आणि मी काही सांगायच्या आत पळूनही गेली.

मुलांच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा बघून, बालवाडीला प्रश्नावल्या पाठवून सांगितलं, एडीएचडी. मी औषधांच्या दुकानात काम करते, शब्द मला नवा नव्हता. पण एखादा शब्द काउंटरच्या या बाजूने ऐकणं वेगळं. इतक्या लहान मुलांना एकदम औषध देत नाहीत, आधी आईबापांना शिकवतात. म्हणून मी आणि तुझे भाऊजी दर बुधवारी छोट्या खुर्च्यांवर गुडघे छातीला लावून बसायला लागलो. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ओरडायचं नाही. चांगलं केलं की लगेच बोलून दाखवायचं. भिंतीवर चित्रं लावली : दात, कपडे, बूट, दार. भाऊजी पहाटेपासून बेकरीच्या भट्टीसमोर उभे असतात, तरी एक बुधवार चुकवला नाही त्यांनी. फरक पडला, खोटं कशाला बोलू. बूट घालायला पाऊण तास लागायचा, तो पंधरा मिनिटांवर आला. पण रस्त्याच्या बाबतीत काही केल्या फरक पडेना.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. बालवाडी सुटली, फाटकात मी तिचा हात धरलाय, आणि पलीकडे कुणाचातरी फुगा सुटला. हात माझ्या मुठीतून कसा निसटला ते मला अजून सांगता येत नाही. दूधवाल्याच्या गाडीचे ब्रेक मी ऐकले. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. तो ड्रायव्हर, चांगला धिप्पाड माणूस, खाली उतरला आणि पदपथावर बसून रडायला लागला. खारू त्याच्याजवळ गेली आणि त्याचे केस कुरवाळायला लागली. घरी आल्यावर मी तिला मांडीत घट्ट धरलं आणि न ओरडता विचारलं, शिकवलंय तसं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी पायांना सांगितलं थांबा. ते माझं ऐकतच नाहीत.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता औषधाचा विचार करू या. अगदी कमी मात्रा. नाही मानवलं तर बंद करता येतं. भूक थोडी मंदावेल, संध्याकाळी चिडचिड होईल. भाऊजींनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, करू या. मी म्हटलं, नाही. का नाही, ते मला सांगता येईना. घरी आल्यावर ते म्हणाले, “तू रोज हेच औषध दुसऱ्यांच्या मुलांना देतेस. त्यांच्या आयांना समजावून सांगतेस, घाबरू नका म्हणून. मग आपल्याच पोरीच्या वेळी काय झालं?” मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुम्हाला शांत झोप हवी म्हणून पोरीला गुंगी देताय, इथपर्यंत. ते औषध गुंगीचं नाही हे त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. ते उठून भांडी घासायला लागले. तीन आठवडे आम्ही खारूमार्फत एकमेकांशी बोलत होतो.

मला काय दिसत होतं ते तुला सांगते. औषध हा शब्द उच्चारला की मला एक चटई दिसायची. चटईवर उताणं झोपलेलं एक पोर, एक हात डोक्यावर टाकलेला, ओठ अर्धे उघडे. ते पोर कधी खारू असायचं. बहुतेक वेळा तू असायचास. हे आजचं नाही. खारू तान्ही होती तेव्हा इतर आया बाळ झोपलं की सुटकेचा श्वास टाकायच्या, मी मात्र तिला हलवून जागं करायचे. भाऊजींना वाटायचं, पहिलटकरणीची काळजी आहे.

तुला आपलं ते घर कितपत आठवतं? दोन खोल्या, स्वयंपाकघराची ती खिडकी, जिच्या गजांना आईने तू बाहेर निसटू नयेस म्हणून आडवी फळी बांधली होती. बाबा रस्त्यांच्या कामावर लांब, महिन्यातून एकदा यायचे. आई टेलिफोन केंद्रात, दुपारची पाळी. तू सहा वर्षांचा, मी तेरा. तू म्हणजे नुसती भिंगरी. पळत जेवायचास, पळत रडायचास. शाळेत मास्तरांनी तुझं नाव पहिल्या आठवड्यात पाठ केलं आणि त्या वर्षभरात तुझ्याइतका मार वर्गात कुणी खाल्ला नसेल. तेव्हा कुणाकडे शब्द नव्हता रे तुझ्यासाठी. द्वाड, वांड, वात्रट, एवढेच होते. मग कुठल्याशा डॉक्टरने आईला ते सर्दीचं गुलाबी औषध दिलं, रात्री एक छोटा चमचा, पोर झोपेल. आईही थकलेली असायची. रात्रीचा चमचा हळूहळू दुपारीही सुरू झाला, आणि दुपारचा चमचा माझ्याकडे आला. मी चमचा पुढे केला की तू पळता पळता थांबायचास आणि आ करायचास. औषध गोड होतं म्हणून, आणि मी देत होते म्हणून.

त्यानंतरचं तुझं ते आजारपण. दुपारी झोपलास तो संध्याकाळी उठलाच नाहीस, दवाखान्यात दोन रात्री काढल्यास, आणि डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. “हृदयाचं असू शकेल, जपा याला,” म्हणाले. ते वाक्य आपल्या घरात कायमचं राहायला आलं. तुझं पोहणं बंद. मैदान बंद. तुला अग्निशमन दलात जायचं होतं, अर्जसुद्धा आणला होतास, आईने तो फाडला. सगळ्या घरात जो एका जागी दोन मिनिटं बसायचा नाही, तो आज डेपोच्या तिकीट खिडकीत आठ तास बसतो. आई शेवटपर्यंत म्हणायची की तू पोटात असताना तिने जड उचललं, म्हणून तुझं असं झालं. लग्नाचा विषय निघाला की तू हसून छातीवर बोट ठेवतोस. आणि खारू झाली तेव्हा तू तिला बघायला आलास, मी तिला तुझ्या हातात द्यायला लागले, तर म्हणालास, “थांब ताई, आधी खाली बसतो. माझा काही नेम नाही.” आजवर तू तिला उभ्याने उचललेलं नाहीस. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल.

शेवटी त्या ड्रायव्हरचं रडणं माझ्या कानांतून जाईना, म्हणून मी औषधाला हो म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी एक कागद भरायला दिला. त्यात प्रश्न होता : कुटुंबात कुणाला काही आहे का? हृदयाचा त्रास, एकाएकी शुद्ध हरपणं, तरुणपणी अचानक मृत्यू. मी लिहिलं : मामा, सहाव्या वर्षी, कारण कळलं नाही. त्यांनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग आपल्याला थांबावं लागेल. खारूच्या हृदयाच्या तपासण्या, शक्य झालं तर मामांच्याही. तोवर औषध नाही. भाऊजी बाहेर आल्यावर म्हणाले, “असू दे. नाही तर नाही. सांभाळू आपण.” आणि मला इतकं हलकं वाटलं, भिंगऱ्या. न भांडता, न ठरवता माझं ‘नाही’ खरं झालं होतं. ते हलकेपण मी आठ दिवस उराशी धरून बसले. नवव्या दिवशी खारूने स्वतःच्या मांडीवर चापट्या मारायला सुरुवात केली. एकेक पाय धरून, लाल होईपर्यंत. विचारलं तर म्हणाली, “ऐकत नाहीत म्हणून मारते.” तुला मास्तर मारायचे. ही स्वतःच स्वतःला मारत होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि कागदावरची ती ओळ खोडायला सांगितली. का, तेही सांगितलं. संध्याकाळी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, “हे आधी त्याला सांगायला हवं होतंस.” खारूच्या तपासण्या तरीही केल्या, सगळं व्यवस्थित निघालं. औषध सुरू होऊन आता सात आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात ती चाळीस मिनिटं एका जागी बसून चित्र काढत होती आणि मी चार वेळा जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरलं. शेवटी वैतागली. “आई, मी रंगवतेय ना, बोट काढ!” जेवण कमी झालं, संध्याकाळी उगाच रडायची, मग मात्रा आणखी उतरवली, आता बरं आहे. चमत्कार वगैरे काही नाही. अजूनही पळते, अजूनही खालच्या मास्तरांच्या जिन्यावरून घसरते. पण परवा भाऊजींनी गोष्ट सांगायला घेतली, आणि ती मध्येच उठून गेली नाही. गोष्ट संपली तेव्हा तिने विचारलं, “मग पुढे काय झालं?” असं तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. तिथवर ती पोचतच नव्हती. हे औषध योग्य की अयोग्य ते मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. दर महिन्याला जाऊन पुन्हा विचारू, एवढंच.

आता जे लिहायला बसले ते. त्या दुपारी शाळेत नाटकाची शेवटची तालीम होती आणि मला पहिल्यांदाच बोलायचं काम मिळालं होतं. मी तुला चमचा दिला, तू झोपेनास. अर्ध्या तासाने दुसरा दिला. मग तिसरा. तू प्रत्येक वेळी आ केलास. तू झोपलास, मी बाहेरून कडी लावली आणि गेले. संध्याकाळी परत आले तर तुझे ओठ निळसर पडले होते आणि हाका मारून तू हलत नव्हतास. मी आधी तुला नाही उचललं, भिंगऱ्या. मी आधी चमचा धुतला आणि बाटलीत कालच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. त्यानंतर शेजारी धावले. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, याने काही घेतलं होतं का? मी मान हलवली. नाही. ती मान अठ्ठावीस वर्षं तशीच हलत राहिली, अर्ज फाटताना, आई जाताना, तू बाळ घ्यायला खाली बसलास तेव्हासुद्धा. मला माफ कर असं लिहीत नाही. ते मागायला मला तोंड नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा तपासून घ्या म्हणावं, खात्रीसाठी. त्यांनी सुचवलेल्या हृदयाच्या डॉक्टरांचा पत्ता पाठीमागे लिहिलाय. रविवारी मी घरी आहे. ये, हवं ते बोल, किंवा येऊ नकोस. पण हे तुझ्याजवळ असू दे : तुझ्या हृदयाचं काही बिघडलेलं नव्हतं. जे केलं ते मी केलं. तुला पळता येत होतं रे, इतकी सगळी वर्षं.

तुझीच,
ताई