जुन्या फाँटमधलं पत्र

गिरगाव, मुंबई
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

चि. अनुजा,

आशीर्वाद. ते घ्यायचे की नाही हे तुझं तू ठरव, मी माझ्याकडून लिहिते आहे. तुझा बंगळुरूचा पत्ता नूपुरकडून मिळवला. द्यायला तिने तीन दिवस घेतले आणि वर ‘मावशी, तिला त्रास होईल असं काही लिहू नका’ असं बजावलं. मैत्रीण चांगली जोडली आहेस.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. अप्पांचा कंपवात वाढला. बोलणं इतकं बारीक झालं आहे की कान तोंडाशी न्यावा लागतो, आणि गेल्या वर्षापासून विसरतातही. त्यांना एकटं सोडता येत नाही. शेजारची मनवा सकाळी पाऊण तास येऊन बसते, तेवढ्यात भाजी, बँक, औषधं. चर्नी रोड स्टेशनच्या पलीकडे मी दीड वर्षात गेलेले नाही. तक्रार नाही, माहिती म्हणून सांगते.

दुसरी बातमी ऐकून तू हसशील. हे पत्र मी फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करते आहे.

तू कॉलेजात असताना घरच्या कॉम्प्युटरवर असलंच काहीतरी घातलं होतंस. ‘आई, हे मोफत आहे, चोरीचं नाही,’ म्हणालीस. मी म्हणाले, ‘फुकट देणारा नंतर काहीतरी मागतोच. काढून टाक ते.’ तू काढलंस. मग मी रीतसर दुकानात जाऊन मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत आणलं. त्याबरोबर एक छोटं यंत्र यायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. कुलूपच म्हणत त्याला. मला ते फार आवडलं होतं. विकत घेतलेली वस्तू, तिला कुलूप, किल्ली आपल्याकडे.

आणि चाललंही छान, हे सांगितलं पाहिजे. वाडीच्या गणेशोत्सवाचा अहवाल मी बारा वर्षं त्यावर केला. काही अडलं तर कंपनीचा माणूस फोनवर शुद्ध मराठीत सांगायचा. मग कंपनी कोणीतरी घेतली, माणूस गेला. या जूनमध्ये कॉम्प्युटर बंद पडला. नव्या लॅपटॉपला ते कुलूप खोचायला जागाच नाही. जुन्या फाइली दुसऱ्या कशात उघडल्या तर नुसती चिन्हांची खिचडी दिसते, कारण त्यांचा फाँटच निराळा. शब्द मी टाइप केलेले, पण वाचायची परवानगी कंपनीची. पागडी भरूनही मालकाच्याच राहिलेल्या खोलीत जन्म काढलेल्या बाईला हे आधी कळायला हवं होतं.

मी नव्या कंपनीला फोन केला. मुलगी गोड बोलत होती.

‘मॅडम, आता वर्षाचं सबस्क्रिप्शन असतं. जुनी फाइल आमच्या साइटवर चढवा, आमची टीम उघडून तपासून पाठवेल.’

‘तपासून म्हणजे काय?’

‘अक्षरं नीट आली का बघायला कोणीतरी वाचणार ना, मॅडम.’

‘मग नको.’

‘मॅडम, असं काय आहे फाइलमध्ये?’

मी फोन ठेवून दिला.

मला एकच फाइल हवी होती. त्याबद्दल लिहायचं म्हणूनच बसले आहे, पण आधी बाकीचं सांगून घेते.

सीताराम परब तुला आठवत असतील. लालबागला छापखाना होता, आपले अहवाल तिथे छापायचो. छापखाना बंद झाला, आता ते घरूनच पुस्तकांची जुळणी करतात, आणि सगळी फुकटच्या सॉफ्टवेअरवर. मी बोलावलं. त्यांनी जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून फाइली लॅपटॉपवर आणल्या, हे नवं सॉफ्टवेअर घालून दिलं.

मी विचारलं, ‘बिघडलं तर फोन कोणाला करायचा?’

‘कोणाला नाय. लिहून विचारायचं, कोण ना कोण उत्तर देतो.’

‘कोण?’

‘ते मला पण ठाऊक नाय. फुकटात सगळं मिळतं बाई, फक्त भांडायला माणूस नाय मिळत.’

‘मग तुम्ही भांडण कोणाशी करता?’

‘घरी आहे ना मंडळी.’

त्यांचं खरं निघालं. प्रिंटर चालू करायला मला दोन दिवस लागले आणि चिडायला समोर कोणी नव्हतं. सूचना इंग्रजीत, त्याही शहाण्या माणसाने दुसऱ्या शहाण्यासाठी लिहिलेल्या. साध्या माणसाने काय वापरावं असं मला विचारशील तर ज्याला वेळ नाही त्याने विकतचं घ्यावं, पण आपलं लिखाण वीस वर्षांनी उघडेल का हे घेतानाच विचारावं. मी ते विचारलं नव्हतं. मी फक्त पावती जपून ठेवली.

जुन्या फाँटचं नव्यात रूपांतर करणारी साधनंही फुकट मिळतात, पण आमच्या फाँटचा तक्ता कोणी केलेला नव्हता. परब म्हणाले, ‘मग आपणच करू. छापलेलं काही आहे का?’ अहवाल होते. छापील अहवाल मांडीवर, त्याचीच फाइल पडद्यावर, आणि या चिन्हाचा अर्थ हे अक्षर असं एकेक लिहीत जायचं. ‘अध्यक्षांचे मनोगत’पासून सुरुवात केली. मनोगतात फारसं काही नसतं, पण देणगीदारांच्या यादीत खजिना मिळाला. कर्णिक, म्हात्रे, पटवर्धन, क्षीरसागर, उद्गावकर. आपल्या वाडीच्या आडनावांत मराठीतली बहुतेक जोडाक्षरं निघतात. तीन आठवडे रोज सकाळी, अप्पांची अंघोळ झाली की.

तक्ता झाला तेव्हा परब म्हणाले, ‘द्या आता तुमची ती फाइल. मिनिटात काढतो.’

‘ती मी काढीन.’

‘मृत्युपत्र आहे काय, बाई?’

‘तुम्ही चहा घ्या.’

त्यांनी चहा घेतला, कसं करायचं ते मला दोनदा करून दाखवलं, आणि गेले. मोबदला घेतला नाही. तक्ता तेवढा इंटरनेटवर सगळ्यांना वापरता येईल असा ठेवायला सांगितला, तो मी ठेवला. फुकट देणारा काय मागतो ते मला बहात्तराव्या वर्षी कळलं.

आता फाइल.

२०११च्या फेब्रुवारीत तू पुण्याहून बॅग घेऊन आलीस. नवऱ्याकडे परत जाणार नाही म्हणालीस. मी तुला बसूही दिलं नाही. ‘पंधरा दिवसांत सगळं निवळतं, आल्या पावली परत जा,’ हे माझे शब्द. अप्पा आतल्या खोलीत जागे होते. तेव्हाही त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं.

आठ दिवसांनी त्यांनी मला कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि लेकीला, तुला, पत्र सांगितलं. आयुष्यभर सॉलिसिटरच्या ऑफिसात डिक्टेशन घेतलेला माणूस, पहिल्यांदाच देत होता. मी टाइप केलं, छापलं, त्यांनी थरथरत सही केली. मी पाकीट घेऊन खाली उतरले आणि पेटीपर्यंत जाऊन परत आले. संध्याकाळी ते फाडलं. त्यांना म्हणाले, टाकलं.

मग ते उत्तराची वाट बघत राहिले. महिन्याने मी सांगितलं, ‘तिला उत्तर द्यायचं नसेल.’ तू पुढे दोन दिवाळ्यांना फोन केलास, तेव्हा ते झोपलेत असं सांगितलं. ते झोपलेले नव्हते.

मी तेव्हा चुकले असं मला वाटत नव्हतं. हे सारवासारव म्हणून सांगत नाही.

पुढे त्यांनी विचारणं सोडलं होतं. गेल्या वर्षी विसरायला लागले आणि उत्तर आलं नाही हेही विसरले. आता रोज दुपारी, टपालाच्या वेळी, विचारतात, ‘अनुजाचं उत्तर?’ मी रोज म्हणते, ‘नाही आलं.’ चौदा वर्षांपूर्वी जे एकदा बोलून सुटले होते ते आता रोज बोलावं लागतं, आणि पाऊण तासाची भाजी सोडली तर या दोन खोल्यांतून मला उठून जाता येत नाही.

ऑगस्टमध्ये म्हणाले, ‘मी काय लिहिलं होतं, वाच.’ फाइल उघडत नव्हती. मी आठवेल तसं म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘हे माझं नाही.’ सगळं विसरलेल्या माणसाने मला पकडलं.

काल सकाळी फाइल उघडली. छापून सोबत जोडली आहे. दीड पान आहे. हे घर तुझं आहे, कारण विचारणार नाही, कपाटाचा खालचा खण रिकामा केला आहे, असं आहे त्यात. शेवटी माझ्याबद्दल दोन ओळी आहेत: ‘तुझी आई कडक बोलली. पण हे पत्र तीच टाइप करते आहे आणि तीच पेटीत टाकील, यावरून काय ते समज.’

याच ओळींमुळे मी पेटीपासून परत आले होते; पत्र टाकणं म्हणजे माझे शब्द मागे घेणं होतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कुलपात होत्या. आता त्या उघड्या आहेत, कर्सर नेला की पुसता येतात, आणि तुला कधीच कळलं नसतं. एक कानाही बदललेला नाही. सही तेवढी नाही, आता त्यांना करता येत नाही.

काल दुपारी त्यांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं. मी म्हणाले, ते पत्र मी टाकलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं नीट त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. तोंड फिरवून भिंतीकडे वळले. अर्ध्या तासाने हाक मारली, मी कान जवळ नेला. ‘अनुजाचं उत्तर?’

मी परत सगळं सांगितलं. आज पुन्हा सांगितलं. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकतात.

तू ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. तो त्यांचा आहे, आणि त्यांनी तो वापरला आहे, तारीख २१ फेब्रुवारी २०११. मला काही लिहू नकोस. त्यांना लिही, एक ओळ चालेल. पाकिटावर त्यांचंच नाव घाल. ते मनवा फोडेल आणि मनवाच वाचून दाखवील. मी तोवर खाली जाऊन उभी राहीन.

आई