पातं कोणत्या बाजूनं

प्रिय बाई,

सायकलच्या जुन्या चाकांची, तण काढायची अकरा कोळपी, शेंगा फोडायचं एक यंत्र, घराचं फाटक, मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि साडेचार पानांचा एक लेख. एवढं मी स्वतःच्या हातानं केलंय. पहिली चार कामं कुणी शिकवली नाहीत, बघून बघून शिकलो. पाचवं तुम्ही शिकवलंत. आज त्या लेखावरून एक फोन आला, आणि सांगायला तुम्ही नाहीत. म्हणून लिहितोय.

विद्यापीठाच्या लेखनवर्गाला दर रविवारी चुडाव्याहून पूर्णेला यायचो. एकावन्नाव्या वर्षी! आपल्याला येणारी गोष्ट अनोळखी माणसाला समजेल अशी लिहा, म्हणालात. मी कोळप्यावर लिहिलं. पहिलं दीड पान बळीराजाची थोरवी! तुम्ही ते खोडलंत. "पुढच्या रविवारी कोळपंच घेऊन या."

आठवतं? पदर खोचून वर्गामागच्या मोकळ्या जागेत उभ्या राहिलात. एका हातात माझा कागद, दुसऱ्यात पाना. सुटं केलेलं कोळपं, लिहिलं होतं तेवढंच करत, जोडत गेलात. ढकललंत, तर कोळपं मातीवरून नुसतं घसरत गेलं.

"अवो बाई, पातं उलटं लागलंय!"

"कोणत्या बाजूनं लावायचं ते कुठं लिहिलंय?"

"त्यात काय लिवायचं? लेकराला बी कळतंय!"

"मला नाही कळलं. तुमच्या हाताला माहीत आहे, कागदाला नाही."

सगळा वर्ग हसला. मी कोळपं उचललं आणि पुढचे दोन रविवार आलोच नाही. मग तुमचा फोन, "राग गेला का, कारागीर? पातं अजून उलटंच आहे."

लेख सात वेळा लिहिला. 'धार पुढच्या बाजूला, ढकलणाऱ्यापासून लांब' या एका वाक्याला अख्खी संध्याकाळ गेली. आणि निकालाआधीच तुम्ही गेलात! एवढी कसली घाई होती? पास झालो, बाई.

आता लेखाच्या झेरॉक्स गावोगाव फिरतायत. आज जिंतूरकडच्या एक शेतकरी बाई फोनवर म्हणाल्या, "भाऊ, तुमचा कागद वाचून आमच्या वेल्डरकडून कोळपं करून घेतलं. त्यानं पातं उलटंच लावलं व्हतं. मी म्हनलं, आधी वाच की रे! आता लय झ्याक चालायलंय." त्यांनी ना मला पाहिलंय, ना माझं कोळपं! माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो.

शब्द देतो, बाई, मागेल त्याला पूर्ण लेख देईन, मापांसकट. गेल्या आठवड्यात अवजारांचा एक व्यापारी आला होता. लेख विकत मागत होता. मापांचं पान काढून छापणार, म्हणजे लोक तयार कोळपं घ्यायला त्याच्याकडंच येणार. मी नाही म्हटलं. पंचाहत्तर हजार रुपये देत होता.

तुमचा विद्यार्थी,
रामकिशन, चुडावा