मी कापतो, म्हणजे नेमकं काय करतो

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तितकाच). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचं घोरणं शेजारी अजून सहन करतात ना? इकडे सगळं क्षेम आहे, फक्त माझी नोकरी जायची वेळ आली आहे, आणि तीही एका शब्दापायी.

तुला ठाऊकच आहे, शिंप्याच्या या दुकानात कापड मी कापतो आणि बाकीचे शिवतात. हल्ली कात्री उचलली की माझा हातही कापू लागला. आपल्या पूर्वजांना काय धाड भरली होती देव जाणे! थंडीची हुडहुडी, भीतीचं कापरं, पायांची लटपट अशी शब्दांची चैन करूनही थरथरायला आणि कात्री चालवायला त्यांनी एकच क्रियापद ठेवलं. मालक खरेदीसाठी बाहेरगावी गेले होते. तिथून त्यांनी फोन करून विचारलं, मास्तर कापतात ना? फोन घेतला काजं-बटणं करणाऱ्या बाईंनी. त्यांना वाटलं, माझ्या हाताची कुणीतरी चहाडी केली. (बाई मायाळू आहेत, खोटं बोलायचं तर तोंडभरून बोलतात.) छे हो, अजिबात कापत नाहीत, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग दिवसभर करतात तरी काय, म्हणून मालक ओरडले. तर म्हणे, शांत उभे असतात हो, अगदी बघत राहावं असे!

मालक तडक परतले. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "मालक, मी रोज कापतो!" तर मागून बाई, "त्यांचं नका ऐकू, उगाच मनाला लावून घेतात." झालं! सोमवारी एका बड्या गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड मालकांसमोर कापायचं, नाहीतर कात्री ठेवून घरी बसायचं, असा हुकूम सुटला.

म्हणून डॉक्टरांकडे गेलो. कापायला उभा राहिलो की कापतो, असं सांगितलं. ते म्हणाले, मग आणखी काय करणार? समजावता समजावता तोंडाला फेस आला, आणि शेवटी हात पुढे केला तर तो मेला जराही हलेना. औषध मिळालं नाही. टेबलाची जागा बदलून बघा, एवढंच म्हणाले. जागा बदलायची माझी तयारी नाही. कारण विचारू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. विचारलंसच तर सांगतो. टेबलासमोर बाईंची खुर्ची आहे. मध्यंतरी एक दिवस त्या आल्या नाहीत, तर कात्री लोण्यातून फिरावी तशी फिरली. दिवस मात्र जाता जाईना.

ता. क. २. सोमवारच्या आत ये आणि त्यांना माझ्यासाठी विचार. त्या एकट्या, मीही एकटा. स्वतः विचारायला गेलो की माझे दात वाजतात. त्याही माझ्याकडे बघताना बोटाला सुई टोचून घेतात (असं इस्त्रीवाले म्हणतात, मला वर बघायचा धीर कुठला!).

ता. क. ३. तुम्हाला बघून आमचा भाऊ कापतो, असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. बाई सवयीने ठणकावून सांगतील, छे हो, अजिबात कापत नाहीत. आणि तू तशीच परत जाशील.